अज्ञान व्यक्तींचे वेतन व प्राप्तिकर
भारतीय प्राप्तिकर कायद्याने करदात्यास किमान वयाची अट घातली नाही. १८ वर्षांखालील अज्ञान व्यक्तीही करपात्र ठरते. १९३७ च्या दुरुस्तीने पित्याने पुरेशा मोबदल्यावाचून पाल्याच्या नावे केलेल्या मालमत्तेचे उत्पन्न पित्याच्याच उत्पन्नात धरले जाऊ लागले. रोख करचुकवेगिरीवर होता. पाल्याच्या मजुरीस हात लावला नव्हता. १९९२ च्या वित्त अधिनियमाने अज्ञानाचे बहुतेक सर्व उत्पन्न मातापित्यांपैकी अधिक उत्पन्न असणाऱ्याच्या उत्पन्नात मिळविले; अंगमेहनतीची आणि कौशल्याची वा कलागुणांची कमाई मात्र वगळली. ती पाल्याचीच मानली गेली, व करमुक्त मर्यादेपलीकडे तिच्यावरील करही त्याचाच. हॉटेलात कपबशा विसळणारा मुलगा त्या मर्यादेच्या जवळपासही पोहोचत नसे. तरतुदीची खरी झळ लागली असेल तर ती चित्रपटांतील बालनटांना.