'मायाबाजार' : चित्रशाळेंतील चांदणें

अभिमन्यूची वत्सला व्यासांच्या महाभारतांत कोठेंच सांपडत नाहीं. तेथें अभिमन्यूची पत्नी ती विराटकन्या उत्तरा. बलरामाला एक कन्या होती, तिला दुर्योधनानें आपल्या पुत्रासाठीं मागितलें आणि घटोत्कचानें मायेच्या बळावर ती अभिमन्यूला मिळवून दिली, ही सारी कथा मागाहून लोकांनीं रचलेली आहे. आंध्रांत ती शशिरेखा, तामिळ देशांत वत्सला, महाराष्ट्रांत कधीं वत्सला तर कधीं सुरेखा. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं १९२१ सालीं 'सुरेखाहरण' हा मूकपट काढला, तो याच कथेवर, आणि व्ही. शांताराम यांनीं प्रथम तोंडाला रंग लावला तो त्याच मूकपटांत. तथापि मद्रासला १९५७ सालीं या कथेला जें रूप लाभलें, त्यापुढें आधींचीं रूपें फिकीं पडलीं असें म्हणण्यास हरकत नाहीं.

विजया या संस्थेचा हा 'मायाबाजार' तेलुगू व तामिळ अशा दोन्ही भाषांत निघाला. दिग्दर्शक के. व्ही. रेड्डी व छायालेखक मार्कस बार्टली. याच जोडीनें १९५१ सालीं 'पाताळभैरवी' काढून मायावी कथांची चटक दक्षिणेला लावून ठेवली होती. दोन्ही भाषांत वत्सला सावित्रीची, घटोत्कच एस. व्ही. रंगारावांचा व कृष्ण एन. टी. रामारावांचा, अभिमन्यु मात्र तामिळमध्यें जेमिनी गणेशन यांचा.

डोळ्यांचें पारणें फिटावें असें या चित्रांत पुष्कळ आहे. द्वारका नगरी दुरून दिसते ती ५० फूट रुंद व ६० फूट लांब जागेंत उभारलेली, सुमारें ३०० चिमुकल्या घरांची. घरांची ठेवण निरनिराळी, उंची निरनिराळी, प्रत्येकाला स्वतःचें आवार. हें काम माधवपेद्दी गोखले व कलाधर या चित्रकारांचें. (गोखले हें नांव ऐकून कोणी हुरळून जाऊं नये, हे गोखले अस्सल आंध्र.) बार्टली यांची खरी ख्याति मात्र चांदण्याची. नौकाविहाराच्या प्रसंगीं पाण्यावर जो रुपेरी तवंग पसरतो, तो केवळ काळ्या व पांढऱ्या या दोन वर्णांतून निघालेला आहे. रंगीत फिल्म त्या वेळीं फार महाग होती. त्या अडचणीनेंच येथें उपकार केला; काळ्या सावलीला जी खोली येते, ती निळ्या रंगाच्या रात्रीला क्वचितच येते.

आणि तो घटोत्कच! लग्नघरीं मांडून ठेवलेलें सारें जेवण तो एकटा फस्त करतो, व लाडू आपण होऊन त्याच्या मुखाकडे धांव घेतात. कौरवांच्या वऱ्हाडाची बसण्याउठण्याची सोयही राक्षसांनींच मांडलेली. गालिचा पायांना खाज आणतो आणि मंचक निजणाऱ्याला धड निजूं देत नाहीं. शेवटीं शकुनि एका पेटीवर उभा राहतो, तों त्याच्या तोंडून त्याच्या इच्छेविरुद्ध खरें तेंच बाहेर पडूं लागतें. कौरवसभेंत जें कोणाच्या धाकानें झालें नाहीं, तें एका लाकडी पेटीनें केलें. पुराणाच्या शुद्धतेची काळजी वाहणाऱ्यांनीं येथें कपाळाला आठ्या घालूं नयेत. ही थट्टा लोकांनीं आपल्या घरच्या लग्नांत पाहिलेली आहे.

पण नुसत्या करामतींवर चित्रपट इतकीं वर्षें जगत नाहीं. त्या काळीं करामतीचे पट मद्रासेंत थोडे का निघाले? त्यांतील बहुतेकांचीं नांवेंही आज कोणी घेत नाहीं. 'मायाबाजार'च्या मुळाशीं एक साधें घरगुती दुःख आहे. बलरामानें आपली मुलगी सुभद्रेच्या मुलाला देण्याचें वचन दिलेलें. मग पांडव द्यूतांत सर्वस्व हरले. त्याबरोबर रेवतीला नणंदेचा मुलगा नकोसा झाला, आणि दुर्योधनाचें ऐश्वर्य डोळ्यांत भरलें. ज्या भावाच्या घरीं मानानें यावें, त्या घरून सुभद्रेला मुलाला घेऊन रानाची वाट धरावी लागते, व तिला आसरा मिळतो तो जावेच्या, राक्षसीच्या घरीं. आप्तांना गरिबीमुळें आलेलें परकेपण कोणत्या घराला ठाऊक नाहीं? म्हणून राक्षसाच्या प्रत्येक खोडीला प्रेक्षक आपली खोडी मानतो. आणखी एक शहाणपण असें कीं, पांचही पांडव या चित्रांत एकदांही दिसत नाहींत. त्यांची हलाखी दुसऱ्यांच्या वागणुकीवरूनच कळते.

सावित्रीचा अभिनय या दोन्ही बाजूंना सांधतो. वत्सलेचें रूप घेतलेला घटोत्कच तीच उभी करते. नववधूच्या शालूंत मधूनच राक्षसाची ऐट डोकावते, आणि लक्ष्मणकुमाराची बोबडी वळते. येथें यंत्राची करामत थोडी, नटीची फार.

तेलुगू 'मायाबाजार' २०१० सालीं रंगवून पुन्हां दाखविण्यांत आला. नव्या पिढीला तो त्यामुळें भेटला, हें मान्य करावयास हवें. बार्टली यांना रंगांचें वावडें होतें असेंही नव्हे. १९६५ च्या 'चेम्मीन' या मलयाळी चित्रांतील रंगीत समुद्र त्यांनींच टिपला. द्वारकेचें चांदणें मात्र त्यांनीं काळ्या-पांढऱ्यासाठींच रचलें होतें.