प्रवाळांच्या दारी मुक्काम

प्रवाळखडक म्हणजे गलबताचा काळ, ही दर्यावर्दी माणसाची जुनी शिकवण. नकाशावर तो खडक दाखवायचा तो त्याला टाळता यावे म्हणून; दुरून फेसाची पांढरी रेघ दिसली, की सुकाणू फिरवायचे. आज मात्र मालदीवच्या द्वीपमालेत आणि तांबड्या समुद्रात नेमक्या अशाच खडकांपाशी मुद्दाम नांगर टाकणारी जहाजे हिंडत असतात. त्यांवरचे उतारू आठवडा-आठवडा जहाजावरच जेवतात, झोपतात आणि दिवसातून तीन-चार वेळा पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पाण्यात उतरतात. भयाच्या जागेचे मुक्कामाच्या जागेत झालेले हे रूपांतर एका दिवसाचे नव्हे. त्याला सव्वाशे वर्षे लागली, आणि त्याचा पहिला धागा मुंबई बंदराशी जोडलेला आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचे ठाणे त्या काळी मुंबईस होते. या आरमारातील कॅप्टन रॉबर्ट मोर्सबी याने १८३४ ते १८३६ या काळात ‘बनारस’ जहाज घेऊन मालदीवची पाहणी केली. मधोमध शांत पाणी आणि भोवती प्रवाळांचे कडे, अशी ही कंकणद्वीपे. त्यांना जगभर वापरला जाणारा ‘ॲटॉल’ हा शब्दही मालदीवच्या भाषेतूनच गेलेला आहे. लहान होडीतून शिशाचा ओळंबा सोडायचा, दोरीवर वाव मोजायचे, आकडा टिपायचा आणि पुढे सरकायचे, असे हे काम होते. यंग व ख्रिस्तोफर नावाचे दोन अधिकारी तेथील लोकजीवनाचा अभ्यास करण्यासाठी माले येथे मागे राहिले. तापाने ते बेजार झाले. तरीही त्यांनी लिहिलेला वृत्तांत मुंबईच्या भौगोलिक संस्थेने प्रसिद्ध केला. या पाहणीतून नकाशे उत्तम निघाले. पण ज्या सृष्टीवरून तो ओळंबा खाली जात होता, तिचे दर्शन मोजणाऱ्यांपैकी कोणालाच झाले नाही.

त्याच सुमारास, एप्रिल १८३६ मध्ये, चार्ल्स डार्विन हिंदी महासागरातील कीलिंग बेटांवर उतरला होता. ‘बीगल’ जहाजाच्या ओळंब्याच्या बुडाला चरबी लावून तो कड्याबाहेरच्या पाण्यात सोडण्यात आला. उथळ पाण्यात चरबीवर जिवंत प्रवाळांचे ठसे उमटत. जसजशी खोली वाढे, तसतशी चरबीला केवळ वाळू चिकटून येई. प्रवाळाचा जीव उथळ, उजेडाच्या पाण्यातच जगतो, ही गोष्ट त्या ठशांनी सांगितली. मग अथांग सागरात ही कंकणे उभी राहिली कशी? बेट हळूहळू खचत जाते आणि प्रवाळ तितक्याच धिमेपणाने वर वाढत राहतात, असे उत्तर डार्विनने १८४२ च्या आपल्या ग्रंथात दिले. मालदीव त्याने पाहिलेच नव्हते. त्यासाठी त्याने मोर्सबीच्या नकाशांवर भिस्त ठेवली. पुढे १९५२ मध्ये प्रशांत महासागरातील एनिवेटोक येथे खोल भोके पाडण्यात आली, तेव्हा १,२०० मीटरांहून अधिक जाडीच्या चुनखडीखाली ज्वालामुखीचा खडक लागला. चरबीवरच्या ठशांतून निघालेले अनुमान असे खरे ठरले. तथापि अनुमान वेगळे आणि दर्शन वेगळे.

ते दर्शन घडवणाऱ्यांत व्हिएन्नाच्या हान्स हास याचे नाव अग्रभागी येते. १९३९ मध्ये, विशीतला विद्यार्थी असताना, तो कॅरिबियन समुद्रात छायायंत्र घेऊन बुडाला. पुढे त्याने प्राणवायूचे श्वसनयंत्र वापरले. पण शुद्ध प्राणवायू सुमारे दहा मीटरांखाली विषासमान होऊ लागतो. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्याँ या फ्रेंच जोडीने दाबलेल्या हवेचे उपकरण सिद्ध केले, तेव्हा अधिक खोलीची वाट खुली झाली. तरीही पाण्याखालचा वेळ मोजूनच मिळतो, कारण हवेतील नत्रवायू रक्तात मुरतो आणि पाणबुड्या घाईने वर आला, तर त्याचे बुडबुडे शरीर पंगू करतात. म्हणून थोडा वेळ बुडावे, वर येऊन विसावावे, पुन्हा बुडावे, असाच क्रम ठेवावा लागतो. खडक वस्तीपासून दूर असेल, तर घरच खडकापाशी न्यावे लागते. जहाजावरील मुक्कामाचे मूळ या साध्या अडचणीत आहे.

हासने १९५१ मध्ये असे घर विकत घेतले. ‘झारिफा’ हे ते तीन डोलकाठ्यांचे, १९२७ मध्ये इंग्लंडात बांधलेले शिडाचे जहाज. १९५३-५४ च्या पहिल्या सफरीत एका सोबत्याने पाण्याखाली प्राण गमावले. १९५७-५८ च्या दुसऱ्या सफरीत ‘झारिफा’ तांबड्या समुद्रातून मालदीवला आणि तेथून श्रीलंकेवरून निकोबारला गेले. हासची पत्नी लोटे, प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासक आइब्ल-आइबेसफेल्ट, प्रवाळांचा अभ्यासक शेअर अशी मंडळी जहाजावर होती. वाळूत उभी बिळे करून राहणारे वाम मासे त्यांनी पाहिले. गवताच्या पात्यांसारखे प्रवाहात डोलणारे हे मासे माणूस जवळ येताच बिळात शिरतात. जाळे टाकून ते हाती लागत नाहीत. त्यांच्यासाठी केलेल्या नव्या प्रजातीला जहाजाचे नाव मिळाले. ते नाव वर्गीकरणात पुढे मागे पडले. एका जातीच्या नावात मात्र हास आजही आहे. कंकणद्वीपाचा मध्यभाग आपोआप खचतो, अशी उपपत्तीही हासने मांडली. पण डार्विनच्या उपपत्तीची जागा तिला घेता आली नाही.

सफरीचे खरे धन होते ते गोळा केलेल्या प्रवाळांत. त्यांची छाननी पुढे वर्षानुवर्षे चालली, आणि तीत शेअरच्या जोडीला भारतीय शास्त्रज्ञ सी. एस. गोपीनाथ पिल्लै होते. निकोबारच्या प्रवाळांचा अहवाल १९७४ मध्ये आणि मालदीवचा १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

तोवर मालदीवमध्ये १९७२ साली पहिले विश्रामस्थान उघडले होते, आणि ‘झारिफा’ने शास्त्रासाठी केलेला मुक्काम हौशी प्रवाशांच्या आटोक्यात येऊ लागला होता. त्यानंतर १९९८ साल उजाडले. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा तापले. प्रवाळांच्या देहात राहून त्यांना अन्न व रंग पुरवणारी सूक्ष्म शैवले निघून गेली, खडक पांढरे पडले, आणि मालदीवच्या उथळ पाण्यातील बहुतेक जिवंत प्रवाळ मेले. डिसेंबर २००४ मध्ये भूकंपाने थोरल्या निकोबारचा किनारा खचला आणि त्सुनामीने तो झोडपला. मालदीवचे खडक सावरू लागले, तोच २०१६ मध्ये पाणी पुन्हा तापले.

त्यामुळे ‘झारिफा’च्या अहवालांना त्यांच्या लेखकांनी न योजलेले मोल आले आहे. तेथे १९५७-५८ मध्ये काय जिवंत होते, याची ती साक्ष होय. मोर्सबीचे आकडे गलबते वाचवण्यासाठी होते. या नोंदींना आज हरवलेल्याची मोजदाद करावी लागते. प्रवाळांपाशी आठवडाभर राहून परतणारा प्रवासीही, त्याने पाहिले ते तारखेसह लिहून ठेवले, तर अशीच साक्ष मागे ठेवतो. नाही तर मोर्सबीच्या खलाशांप्रमाणे तोही त्या सृष्टीच्या वरूनच गेला, असे म्हणावे लागेल.