रूपक कुठे तुटते?

साहित्याच्या वर्गात आम्ही उपमा-रूपकांना ‘अलंकार’ म्हणून शिकवतो. अलंकार उतरवून ठेवला तरी अर्थाला बाधा येत नाही, असे त्यात नकळत गृहीत असते. विजेच्या विद्येचा इतिहास या गृहीतकालाच सुरुंग लावतो.

मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीची उमेदवारी केलेला आणि गणिताचे फारसे शिक्षण नसलेला. त्याने चुंबकीय बल ‘रेषां’च्या रूपात पाहिले. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८५५-५६ मध्ये त्या रेषांना एका द्रवाच्या प्रवाहाचे रूप दिले. हा द्रव काल्पनिक आहे, हेही बजावले. १८६१-६२ मध्ये त्याने भोवरे आणि त्यांच्यामधली फिरती चक्रे कल्पिली. १८६५ च्या निबंधात मात्र हा यांत्रिक पसारा मागे पडला आणि समीकरणे स्वतःच्या बळावर उभी राहिली. कमान पक्की झाली की गवंडी सेंट्रिंग काढून घेतो, तसेच हे.

विद्यार्थ्याला सेंट्रिंग आणि कमान यांतला भेद इतक्या सहज दिसत नाही. माणसाचे मन बाह्य जगाची लहानशी प्रतिकृती बाळगून तिच्यावरून अंदाज बांधते, असे केनेथ क्रेक याने १९४३ मध्ये मांडले. पुढे १९८३ मध्ये डेड्रे गेंटनर आणि डोनाल्ड गेंटनर यांनी शास्त्रात नवख्या विद्यार्थ्यांच्या मनातली वीज तपासली. वीज म्हणजे वाहते पाणी, असे मानणाऱ्यांना बॅटऱ्यांच्या जोडण्या अधिक नीट उमगल्या. कारण टाक्या एकावर एक ठेवल्या की दाब वाढतो, शेजारी ठेवल्या की वाढत नाही. वीज म्हणजे सरकती गर्दी, असे मानणाऱ्यांना समांतर जोडलेले रोध अधिक उमगले; दुसरे फाटक उघडले की अधिक माणसे बाहेर पडतात. म्हणजे रूपक बदलले की चूकही बदलते.

मराठी विद्यार्थ्यापुढे तर पाणी शब्दांतच भरलेले आहे. ‘विद्युतधारा’, ‘वीजप्रवाह’, ‘विद्युतदाब’ या संज्ञा उच्चारताच मनात नळ सुरू होतो. अभियांत्रिकीच्या वर्गात आकृती चुकते तेव्हा दोष गणिताचाच असतो असे नाही. कधी तो न तपासलेल्या रूपकाचाही असतो.

रूपक कुठवर साथ देते आणि कुठे तुटते, हे विचारणे आमच्या विषयाचे काम. ते आम्ही केवळ कवितेपुरते राखून ठेवले, ही आमचीच उणीव.