काळ्या-पांढऱ्या फोटोतली आगगाडी

सिंधुदुर्गाच्या मातीवर रेल्वे धावली ती रंगीत फोटोंच्या काळात. २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण खुला झाला, तोवर देशातल्या ब्रॉडगेज मार्गांवरून वाफेची इंजिनं निवृत्त झाली होती. कणकवली, कुडाळ, सावंतवाडीच्या फलाटांनी पहिल्यापासून पाहिलं ते डिझेलचं इंजिन. मालवणला तर आजही स्टेशन नाही. कुडाळला नाहीतर कणकवलीला उतरून पुढे एसटी किंवा रिक्षा. तरीही या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत देवांच्या तसबिरींशेजारी एक काळा-पांढरा फोटो दिसतो. मागे वाफेचं इंजिन, पुढे घरचा माणूस. इंजिन मुंबईचं, माणूस आमचा.

आमच्या घरचा फोटो आजोबांचा. परळच्या रेल्वे वर्कशॉपात ते फिटर होते. फोटो पोस्टकार्डाएवढा, कडांनी पिवळा पडलेला. इंजिनामागच्या टेंडरवर ‘जी.आय.पी.’, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, अक्षरं अजून वाचता येतात. ही रेल्वे १९५१ साली मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणजे फोटो त्या सुमाराचा किंवा त्याआधीचा. इंजिन इतकं गडद उमटलंय की चाकांचे आरे एकमेकांत मिसळून गेलेत. आजोबांचा चेहरा मात्र स्वच्छ, कपाळावरची आठीसुद्धा दिसते. उन्हातला चेहरा आणि काळंकुट्ट लोखंड, दोन्ही एकाच फिल्मवर नीट उतरवणं कठीण. फोटो काढणाऱ्याने चेहऱ्यापुरता प्रकाश धरला आणि इंजिन काळोखात जाऊ दिलं. त्याचे मी मनापासून आभार मानतो. आजी बोट ठेवून दाखवायची, “बघ, इंजिनाक हात लावन उभो रवलो हा.”

त्या इंजिनापर्यंत पोचणं सोपं नव्हतं. आजी सांगायची, मालवणला बोट बंदरापासून दूर उभी राहायची. पडावातून तिथवर जायचं, डोक्यावरची बोचकी आणि कडेवरची पोरं सांभाळत वर चढायचं आणि एक-एक बंदर घेत मुंबईच्या धक्क्याला लागायचं. पावसाळ्यात बोटी बंद. कुणी आजारी असल्याची तार आली, की फोंडाघाट चढून कोल्हापूर गाठायचं. कोल्हापूर संस्थानाने बांधलेला मिरजेपर्यंतचा लोहमार्ग १८९१ पासून सुरू होता. मिरजेहून मीटरगेजने पुणे आणि पुण्याला गाडी बदलून मुंबई. आजीने रेल्वे पहिल्यांदा पाहिली ती अशी, कोल्हापूरला, ओल्या लुगड्यानिशी. इंजिनाने वाफ सोडली तेव्हा तिने कडेवरच्या माझ्या काकांचे डोळे पदराने झाकले होते.

रेल्वे आणि छायाचित्रण मुंबईत जवळजवळ एकदमच रुजलं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, तर त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रं काढत. हे घराणं पेडणे महालातलं, आमच्या शेजारचं. पुढे ज्या पेडण्याच्या बोगद्यात माती वारंवार ढासळली आणि कोकण रेल्वेचं काम लांबत गेलं, तोच हा मुलूख. बोरघाटाचं काम चालू असताना काढलेली छायाचित्रंही आज जपलेली आहेत. कंत्राटदार पतीच्या निधनानंतर ते काम पुढे नेणाऱ्या अॅलिस ट्रेडवेल यांच्या नावाने ती ओळखली जातात. त्यांत कमानी आहेत, कापलेले कडे आहेत. १८६३ साली पुरा झालेला तो घाट ज्यांनी फोडला त्या हजारो मजुरांची नावं मात्र आज कुणाला सांगता येत नाहीत.

कोकणात गाडी यावी म्हणून अ. ब. वालावलकरांनी आयुष्य वेचलं. बॅ. नाथ पै यांनी हा प्रश्न संसदेत लावून धरला. ते १९७१ साली गेले. त्यांच्यामागून राजापूर मतदारसंघातून निवडून आलेले मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. रोह्यापर्यंत रूळ पोचायला १९८६ उजाडलं. १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं आणि ई. श्रीधरन यांनी काम हाती घेतलं. उभी हयात रेल्वेत काढलेल्या माझ्या आजोबांना आपल्या मुलखातली गाडी पाहायला मिळाली नाही. आजीला मिळाली. कुडाळच्या फलाटावर तिने डब्याच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि मगच ती आत चढली.

घराघरांतले हे इंजिनापुढचे फोटो म्हणजे सिंधुदुर्गाच्या रेल्वेचा पहिला अध्याय आहे. गिरणीतल्या आणि रेल्वेतल्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींवर इथली घरं उभी राहिली, पोरं शिकली. आपल्या दमट हवेत कागदाला बुरशी धरते, फ्रेममधला फोटो काचेला चिकटतो. चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेवरूनच त्याची मोबाइलने प्रत घ्या. सुटा असेल तर मागे मऊ पेन्सिलीने लिहा: नाव, गाव, वाडी, कामाचं ठिकाण, अंदाजे साल. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढे उमटतो. बोरघाटाच्या मजुरांची नावं लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. आपल्या माणसांची नावं सांगणारी म्हातारी माणसं अजून घरात आहेत. यंदा गणपतीला सगळे जमाल तेव्हा त्यांच्यापाशी बसा आणि हे काम उरकून घ्या.