पाच आणि सहा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. परवा कराडला मामेबहिणीकडे गेलो होतो. माळा साफ करताना गोणपाटात गुंडाळलेली एक वाकडी सळई निघाली. भाचरांना ती पडद्याची दांडी वाटली. मी म्हटलं, बाळांनो, हा पुशरॉड आहे आणि याच्यापायी १९८७ साली या घरात दोन महिने कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. मग सगळी गोष्ट सांगावी लागली. म्हटलं, इथेही लिहून ठेवावी.

मोठ्या मामांचा ट्रक होता. बँकेचं कर्ज काढून घेतलेला, तोही जुना. कराडहून गूळ भरून मुंबईला जायचा. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हताच. पण तिची जात सांगायला हवी. त्या काळात आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या ट्रकांची वंशावळ दोन-तीन घराण्यांत संपायची. टेल्कोने १९५४ साली डाइम्लर-बेंझशी १५ वर्षांचा करार करून जमशेदपूरला मर्सिडीजचे ट्रक बनवायला घेतले. १९६९ साली करार संपला, तारा जाऊन टाटांचा टी आला. तिकडे मद्रासला १९४८ ची अशोक मोटर्स १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. डिझेल पंप मायकोचा, ती कंपनी १९५१ ची. नावं वेगळी, पण हेडखालची रचना बरीचशी सारखी.

ती रचना अशी. पूर्वीच्या कित्येक पेट्रोल ट्रकांत व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, खाली ब्लॉकमध्येच असत. डिझेलला हवा फार दाबावी लागते, त्यामुळे वरची पोकळी लहान हवी, म्हणून व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. कॅमशाफ्ट मात्र खालीच राहिला. मग खालचा धक्का वर पोचवणार कोण? तर टॅपेट, त्यावर उभा पुशरॉड, त्याच्या डोक्यावर सी-सॉसारखा रॉकर आणि रॉकरच्या दुसऱ्या टोकाखाली व्हॉल्व्ह. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह १००० वेळा उघडतो. या साखळीत एक जरी अडला तरी भार येतो तो सगळ्यात सडपातळ गड्यावर, म्हणजे पुशरॉडवर. तो वाकतो. (आमच्या घरातही हेच चालायचं, पण ते असो!)

पहिल्यांदा रॉड वाकला तेव्हा मिस्त्रीने नवा घातला, टॅपेट लावले, गाडी गेली. तीन आठवड्यांनी पुन्हा. मग रॉकर बदलला. पुन्हा. तिसऱ्या वेळी मिस्त्री मामांना बाजूला घेऊन म्हणाला, "मालक, ड्रायव्हर घाटात लहान गिअरवर गाडी सोडतोय. इंजिन बेफाम फिरतं, व्हॉल्व्हला मिटायला वेळ मिळत नाही, पिस्टन येऊन आदळतो." हे अगदीच खोटं नाही, असं होतं. खंडाळ्याचा जुना घाट तर होताच वाटेत. मामांनी ड्रायव्हरकाकांना पगार हातात देऊन घरी पाठवलं. मामी म्हणाली, "अहो, दहा वर्षांचा माणूस आहे." मामा ऐकेनात. हप्ता थकलेला, माणूस ऐकतो कशाला.

नवा ड्रायव्हर आला आणि महिन्याच्या आत चौथा रॉड वाकला.

मग कुणीतरी एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव सुचवलं. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही गेलो होतो. त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी विचारलं, "चारही वेळा कुठला सिलिंडर?" मामांनी आठवून सांगितलं, दोनदा सहा, दोनदा पाच. म्हातारबाबा हसले. "इंजिन बेफाम फिरलं तर ते काय पाच-सहाच निवडून वाकवील होय? आणि आदळलं असतं तर पिस्टनवर व्हॉल्व्हची चंद्रकोर उमटली असती. हेड काढलं होतं ना, दिसली का?" कुणी बघितलंच नव्हतं.

त्यांनी वरचं झाकण काढलं आणि इंजिन तसंच मंद चालू ठेवलं. सांगितलं, आता नुसतं बघत बसा. रॉकर ज्या शाफ्टवर डुलतात तो पोकळ असतो, त्यातून तेल येऊन प्रत्येक रॉकरला पाझरतं. पहिले चार सिलिंडर हळूहळू चमकायला लागले. पाच आणि सहा कोरडे, काळेनिळे. दहा मिनिटं झाली तरी कोरडेच.

शाफ्ट काढून टोकाचं बूच ठोकून उघडलं तर आत काजळ घट्ट बसावं तसा काळा लगदा. तेल शिरतं तिथपासून सगळ्यात लांबचे दोन रॉकर उपाशी राहायचे, तापून शाफ्टलाच धरायचे आणि रॉड वाकायचा. प्रत्येक मिस्त्रीने शाफ्ट बाहेरून पुसला होता. त्या काळच्या डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालायचं (२०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलमध्ये दहा लाखांत १० भाग). त्याचं आम्ल आणि काजळी तेलात उतरते, म्हणून तेल वेळेवर बदलावं लागतं. ते मामांनी बदललं नव्हतं. पैसे वाचवत होते.

शाफ्ट धुऊन, भोकं तारेने मोकळी करून गाडी जोडली. त्यानंतर विकेपर्यंत रॉड वाकला नाही.

मामा दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हरकाकांच्या गावी गेले, मला घेऊन. काका तोवर दुसऱ्याच्या गाडीवर लागले होते. त्यांनी चहा केला. मामा बराच वेळ कपबशीकडे बघत बसले, मग म्हणाले, "तेल पोचत नव्हतं. पाच आणि सहाला."

काका म्हणाले, "मी सांगितलं होतं मालक तुम्हाला. आवाज माझ्या गुडघ्यापाशी येतोय म्हणून."

काका काही परत आले नाहीत. जाताना मात्र त्यांनी मला गुळाचा खडा दिला.