तुळशी तलावाकाठचे तिघे

आम्ही ठाणेकर कोर्ट नाक्यावरून रोज जातो, पण इथल्या एका न्यायाधीशाने १८९१ मध्ये ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ काढली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. विवस्त्र राहणाऱ्यांची जगातली पहिली ज्ञात संघटना ती हीच! हे न्यायाधीश, चार्ल्स क्रॉफर्ड, विधुर होते. सभासद तिघेच, ते आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. माथेरानला आणि तुळशी तलावाकाठी, रानातल्या एकांतात, ते कपड्यांविना राहत. क्रॉफर्ड हे सारं इंग्लंडमधल्या एडवर्ड कार्पेंटर या लेखकाला पत्रांतून कळवत. पत्रं टिकली म्हणून हकिकत टिकली. कोकणच्या उकाड्यातही साहेबाला कोट-कॉलर सुटत नसे. त्यामुळे मला यात चवचालपणा दिसत नाही; अंगाला वारा लागू देण्याची साधी ओढ दिसते. पुढे क्रॉफर्ड यांची रत्नागिरीला बदली झाली आणि संघटना विरली.