वाटी सरकणे (मोठ्या जातींचे कुत्रे)

कुत्र्याच्या मागच्या पायातील गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरील खाचेतून निसटण्याचा विकार. हा गुडघा पोटालगत असतो. मागे कोन करणारा, पुष्कळांना गुडघा वाटणारा सांधा म्हणजे खरे तर घोटा.

वाटीचे दुखणे जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला नवे नाही, पण ते बैलाचे. बैलाची वाटी वर चढून अडकते, पाय मागे ताठतो आणि झटक्यासरशी सुटतो. बैलाच्या वाटीला खालून तीन अस्थिबंध असतात. त्यांतला आतला छेदला की जनावर बहुधा लगेच मोकळे चालू लागते. कुत्र्याला असा अस्थिबंध एकच. तो छेदला तर पायच निकामी होईल.

कुत्र्याची वाटी आडवी सरकते. लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या जातींतही ती बहुधा आतच जाते. ग्रेट डेनसारख्या थोराड कुत्र्यांत बाहेर जाण्याचे प्रमाण तुलनेने वाढते. मूळ बहुतेकदा जन्मजात घडणीत असते: हाडाचा बाक, उथळ खाच. कुत्रा मध्येच दोन-चार पावले तीन पायांवर टाकतो आणि पुन्हा पळू लागतो, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. तीव्रतेच्या 4 पायऱ्या मानतात. पहिलीत वाटी दाबली तरच सरकते. चौथीत ती कायम खाचेबाहेर, हाताने बसत नाही.

पहिल्या पायरीत वजन आटोक्यात ठेवणे पुरते. लंगडणे वाढले तर शस्त्रक्रिया: खाच खोल करतात, नडगीवरचा उंचवटा कापून सरळ रेषेत बसवतात, बाक फार असेल तर मांडीचे हाडही सरळ करतात. भारी कुत्र्यात हाड धरून ठेवणाऱ्या टाचण-तारांवर ताण येतो, म्हणून हे काम हाडांच्या शल्यविशारदाकडेच न्यावे. परळचे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय (स्थापना 1886) आणि शिरवळचे पशुवैद्यक महाविद्यालय ही चौकशीची ठिकाणे. आयबुप्रोफेनसारखी माणसांची गोळी कुत्र्याला घातक ठरते. पिल्लाला मनाने कॅल्शियम पाजणेही वाईट. मोठ्या जातीत हाडांची वाढ त्याने बिघडते. विकार असलेल्या कुत्र्याची पैदास करू नये.

शस्त्रक्रियेनंतर साधारण 6 ते 8 आठवडे उड्या, जिने, मोकळे फिरणे बंद. जुन्नर-आंबेगावात या पथ्याला वेगळी अडचण आहे. कुकडी-घोड नद्यांच्या खोऱ्यातील उसात बिबट्याचा वावर, आणि कुत्रा हे त्याचे नेहमीचे भक्ष्य. अंगणात साखळीने बांधलेला लंगडा कुत्रा त्याला आयताच सापडतो. म्हणून कुत्रा घरात किंवा पक्क्या, दार लागणाऱ्या खोलीत ठेवावा. गुळगुळीत फरशीपेक्षा सारवलेली जमीन बरी, पाय घसरत नाही.